60 हजार डॉलर ओतून जपलेली बोट, तरी भाव का येत नाही? जुनी शिडाची बोट विकण्याचं गणित समजून घ्या

29 एप्रिल 2023 ला भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोन बंदरात परतले. एकट्याने, कुठेही न थांबता, 236 दिवस समुद्रात काढून. गोल्डन ग्लोब रेसमध्ये त्यांचा दुसरा नंबर आला. आपल्याकडे बातम्या झाल्या, अभिनंदनाच्या पोस्ट फिरल्या. त्यांच्या बोटीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

'बायानात' नावाची त्यांची बोट 'रस्टलर 36' या मॉडेलची होती. या मॉडेलचं डिझाइन 1980 च्या आसपासचं. या रेसचा नियमच असा आहे की बोटीचं डिझाइन 1988 च्या आधीचं हवं. पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर हिची 'मिनेहाहा' तर 1988 सालीच बांधलेली, आणि तिने ती कॅनडातून सेकंड हँड विकत घेतली होती.

म्हणजे पस्तीस वर्षं जुनी, आधी दुसऱ्याने वापरलेली बोट पृथ्वीप्रदक्षिणा करून पहिली येऊ शकते. आपल्याकडे पंधरा वर्षांची कार झाली की स्क्रॅपच्या गोष्टी सुरू होतात. बोटींचं तसं नाही. अमेरिकेत अॅनापोलिस, फोर्ट लॉडरडेलसारख्या ठिकाणी तीस-चाळीस वर्षांच्या शिडाच्या बोटी रोज विकल्या जातात. यातल्या बऱ्याचशा रेसच्या नसतात, तर 'क्रूझर' असतात. क्रूझर म्हणजे जिच्यात झोपायला बंक, छोटं स्वयंपाकघर, टॉयलेट असतं आणि जिच्यावर माणसं महिनोन्‌महिने राहून बेटं फिरतात.

पण अशी बोट विकायला काढली की मालकाला पहिला धक्का किमतीचा बसतो. बोट जितकी मनापासून जपलेली, तितका तो धक्का मोठा.

आधी हे कळायला हवं की जुनी बोट भंगारात का जात नाही

याचं उत्तर फायबरग्लास.

लाकडी बोट कुजते, तिला कीड लागते, तिच्या फळ्यांमधल्या फटी सारख्या भराव्या लागतात. 1959 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये 'पिअर्सन ट्रायटन' ही 28 फुटी बोट आली. फायबरग्लासची, साच्यातून काढलेली. पुढच्या काही वर्षांत अशा 700 हून जास्त ट्रायटन बनल्या. फायबरग्लास किती वर्षं टिकेल याचा तेव्हा कुणाला फारसा अनुभव नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या बऱ्याच कंपन्यांनी भीतीपोटी बोटींची अंगं जाडजूड केली. त्यातल्या कित्येक आजही पाण्यावर आहेत.

एक किस्सा तर सिनेमात गेलाय. ऑक्टोबर 1991 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ जे वादळ झालं, ज्यावर पुढे 'द परफेक्ट स्टॉर्म' आला, त्यात 'सटोरी' नावाची 32 फुटी वेस्टसेल बोट अडकली होती. कोस्ट गार्डने माणसांना उचललं आणि बोट समुद्रात सोडून दिली. काही दिवसांनी ती मेरीलँडच्या असाटीग बेटावर वाळूत येऊन बसलेली सापडली. मोठं नुकसान काहीच नव्हतं. ती परत पाण्यात उतरवली गेली.

तर बोटीचं अंग टिकतं. टिकत नाही ते बाकीचं सगळं: इंजिन, शिडं, डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा, वायरिंग, पंप, टाक्या. आणि खर्च सगळा तिथेच होतो.

खर्च केला तो गेला कुठे?

समजा, एका अमेरिकन जोडप्याने दहा वर्षांपूर्वी 38 फुटी जुनी क्रूझर 70 हजार डॉलरला घेतली. राहतं घर विकलं, बोटीवर राहायला गेले. दर हिवाळ्यात बहामा, कधी त्याच्याही खाली. या दहा वर्षांत नवं डिझेल इंजिन बसवलं, शिडं नवीन शिवून घेतली, तारा बदलल्या, सोलर पॅनेल, फ्रिज, नवा चार्टप्लॉटर. हे सगळे मिळून 60 हजार डॉलर. आता गुडघ्यांनी दगा दिलाय, नातवंडांजवळ जमिनीवर राहायचंय. घर नाही, जी काही पुंजी आहे ती मरिनात बांधलेली.

त्यांच्या डोक्यातला हिशेब सरळ असतो. 70 अधिक 60, म्हणजे 1 लाख 30 हजार. चला, थोडं कमी करून 1 लाख 10 हजार तरी येतीलच.

ब्रोकर येतो, बोट बघतो, मनापासून कौतुक करतो आणि म्हणतो, "75 हजारांना लावू."

(आकडे उदाहरणादाखल आहेत, पण यांची दिशा बहुतेक वेळा हीच असते.)

ब्रोकर फसवत असतो का? तसं नाही. घेणारा माणूस मालकाची बिलं बेरीज करून भाव ठरवत नाही. तो त्याच मॉडेलच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या बोटी कितीला गेल्या ते बघतो. यातही एक मेख आहे. वेबसाइटवर दिसतो तो मागितलेला भाव. प्रत्यक्षात सौदा कितीला झाला, ते आकडे ब्रोकर मंडळींच्या आपापसातल्या नोंदींमध्ये असतात. त्यामुळे मालक घरी बसून जो भाव काढतो तो कायमच चढा निघतो.

दुसरं, दुरुस्तीचा खर्च हा 'वाढीव किंमत' नसतोच. चालू इंजिन ही बोटीची किमान अपेक्षा आहे. नवीन इंजिन टाकलं म्हणून भाव थोडा वर जातो, पण इंजिन बंद असतं तर तो धाडकन खाली आला असता. देखभालीने भाव पडायचा थांबतो, असं फार तर म्हणता येईल. इलेक्ट्रॉनिक्सची गत तर मोबाइलसारखी. चार वर्षांपूर्वीच्या महागड्या स्क्रीनला आज कुणी वेगळे पैसे देत नाही.

मग जपलेल्या बोटीचा फायदा काय? ती विकली जाते. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण जुन्या बोटींच्या धंद्यात ही फार मोठी गोष्ट आहे. कारण न विकलेली बोट बसल्या जागी पैसे खाते. मरिनाचं भाडं, विमा, तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग, बॅटऱ्या. वरून 1 जून ते 30 नोव्हेंबर हा अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम. बऱ्याच विमा कंपन्या या काळात बोट ठराविक पट्ट्याच्या बाहेर किंवा जमिनीवर उचलून ठेवायला सांगतात, त्याचा खर्च वेगळा. 1 लाख 10 हजारांवर अडून दोन वर्षं थांबलेला मालक शेवटी 65 ला विकतो आणि मधल्या दोन वर्षांची भाडी खिशातून भरून बसतो.

माठ घेताना टिचकी मारतात, तसंच

सौद्याचा खरा कस लागतो तो सर्व्हेच्या दिवशी.

पद्धत साधारण अशी असते. घेणारा लेखी ऑफर देतो, सोबत 10 टक्के रक्कम ठेवतो. ती ब्रोकरच्या वेगळ्या ट्रस्ट खात्यात पडून राहते. ऑफरला अट असते: सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी पसंत पडली तरच व्यवहार पुढे. नाही तर पैसे परत.

सर्व्हेअर घेणाऱ्याचा असतो, फी घेणारा देतो, बोट क्रेनने पाण्याबाहेर काढायचा खर्चही त्याचाच. अमेरिकेत सर्व्हेअरला सरकारी परवाना लागत नाही, पण 'सॅम्स' आणि 'नॅम्स' या दोन संघटनांचं सदस्यत्व बघितलं जातं. रिपोर्टवर हक्क पैसे देणाऱ्याचा. मालकाला तो दाखवायलाच हवा असं बंधन नाही.

सर्व्हेअर काय करतो? एक छोटी हातोडी घेऊन सगळ्या बोटीवर टकटक करत फिरतो. आपल्याकडे माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतात ना, अगदी तेच. बोटीचा डेक बहुतेकदा सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबरग्लास आणि मध्ये हलकं बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. डेकवर ठोकलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी आत मुरतं आणि मधलं लाकूड भिजून कुजतं. वरून काही दिसत नाही. पण चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. सोबत ओलावा मोजायचं यंत्र असतंच.

मग तो खाली वाकून पाणी आत-बाहेर जायच्या झडपा हलवून बघतो. वर्षानुवर्षं न हलवलेली झडप तिथेच अडकते. डोलकाठीच्या तारा डेकला जिथे जोडलेल्या असतात, त्या स्टीलच्या पट्ट्या बघतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा आपला गैरसमज. हवा न लागणाऱ्या ओलसर फटीत ते आतून पोखरलं जातं आणि एके दिवशी जोराच्या वाऱ्यात पट्टी तुटते. पट्टी तुटली की डोलकाठी गेली. या तारांना साधारण दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर अनेक विमा कंपन्या 'बदला' म्हणतात, मग त्या दिसायला कितीही चकचकीत असोत. बहुतेक सर्व्हेअर डोलकाठीवर चढत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस बोलवावा लागतो.

इंजिनाचं तेल बाटलीत भरून लॅबला जातं. त्यात धातूचे कण किती, यावरून आतली झीज कळते. आणि इथे मालकांची एक जुनी युक्ती असते, ती म्हणजे पाहुणे यायच्या आधी इंजिन चालू करून गरम करून ठेवणं. थंडगार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं का, धूर किती आणि कोणत्या रंगाचा काढतं, हेच तर सर्व्हेअरला बघायचं असतं. त्यामुळे तो आल्या आल्या इंजिनाला हात लावतो. गरम लागलं की पुढच्या सगळ्या तपासणीत मालकाच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास निम्मा होतो.

रिपोर्टमध्ये दोष निघणारच. चाळीस वर्षांच्या बोटीत काही निघालं नाही तर सर्व्हेअर बदलावा. मुद्दा असतो तो निघालेला दोष घेणाऱ्याला आधी माहीत होता की नव्हता, हा. जाहिरातीतच लिहिलेलं असेल की 'उजव्या बाजूच्या डेकमध्ये हातभर जागा ओली आहे, भाव त्या हिशेबाने लावला आहे', तर सर्व्हेनंतर त्यावर घासाघीस करायला जागा उरत नाही. तीच गोष्ट सर्व्हेअरने शोधून काढली, तर तीच ओली जागा दहा पट मोठी वाटायला लागते. आणखी काय काय लपवलं असेल, हा प्रश्न एकदा पडला की सौदा बहुधा तिथेच मोडतो.

'बोट कधी जमिनीला आदळली होती का?'

हा प्रश्न प्रत्येक शहाणा गिऱ्हाईक विचारतो, आणि सगळ्यात जास्त थापा याच उत्तरात मारल्या जातात.

शिडाच्या बोटीच्या पोटाखाली कील असतो, शिसं किंवा बिडाचा जड कणा. तोच बोटीला उलटू देत नाही. बऱ्याच आधुनिक बोटींमध्ये तो मोठमोठ्या बोल्टनी बोटीच्या तळाला जोडलेला असतो. उथळ पाण्यात हा कणा खडकाला आपटला, तर धक्का बोटीच्या आतल्या चौकटीला बसतो. बाहेरून फक्त एक ओरखडा दिसतो, तो रंगवला की गोष्ट मिटली असं वाटतं.

मे 2014 मध्ये 'चीकी राफिकी' ही 40 फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत निघाली होती. अटलांटिकच्या मध्यात तिचा कील सुटला आणि बोट उलटली. चारही ब्रिटिश खलाशी गेले. उलटी तरंगणारी बोट सापडली तेव्हा लाइफराफ्ट जागच्या जागीच होता, म्हणजे त्यांना तो बाहेर काढायलाही वेळ मिळाला नसावा. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने आपल्या अहवालात म्हटलं की बोट आधी जमिनीला लागल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कील जोडलेला भाग कमजोर झाला असण्याची शक्यता आहे.

त्यामुळे 'एकदा वाळूवर हळूच टेकली होती' आणि 'खडकावर बसली होती, बोट बाहेर काढून अमुक यार्डात दुरुस्ती केली, हे बिल, हे फोटो' ही दोन्ही उत्तरं चालतात. समुद्रात फिरणाऱ्या बोटी जमिनीला लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. 'कधीच नाही' हे उत्तर मात्र कीलच्या सांध्यातली बारीक चीर बघितल्यावर फार महागात पडतं. कारण घेणारा याच बोटीवर आपल्या बायकापोरांना घेऊन समुद्रात जाणार असतो.

बोटीचा सातबारा

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण जास्तीत जास्त सौदे इथेच लटकतात.

अमेरिकेत निदान पाच नेट टनांची बोट कोस्ट गार्डकडे नोंदवता येते. मग तिचा मालकीचा सगळा इतिहास एका उताऱ्यात मिळतो: पहिला मालक कोण, कुणी कुणाला विकली, कर्ज कुणाचं आहे. थोडक्यात बोटीचा सातबारा. आणि सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा इथेही असतो. सागरी कायद्यातली एक गंमत म्हणजे यार्डाचं थकलेलं दुरुस्तीचं बिल किंवा खलाशांचा बुडवलेला पगार माणसाच्या नावावर न चढता बोटीच्या अंगावर चढू शकतो. बोट विकली तरी तो बोजा तिच्यासोबतच नव्या मालकाकडे जातो. त्यामुळे शहाणा मालक विकायला काढण्याआधीच फेडलेल्या कर्जाचा बोजा नोंदीतून उतरवून घेतो आणि यार्डाच्या पावत्या जमवून ठेवतो. बँकेचं कर्ज आठ वर्षांपूर्वी फिटलंय, पण नोंदीत तसंच आहे आणि बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालीय, अशी वेळ आली की गिऱ्हाईक आठवडाभर थांबतं आणि मग दुसरी बोट बघतं.

नोव्हेंबर 1972 पासून अमेरिकेतल्या बोटींना 12 अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक असतो, मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला. कारच्या चॅसी नंबरसारखा. कागदावरचा आणि बोटीवरचा क्रमांक जुळला पाहिजे, ही अगदी पहिली तपासणी.

युरोपात यात व्हॅटची भर पडते. युरोपियन युनियनमध्ये बोटीवर कधीतरी व्हॅट भरला होता, याची जुनी पावती हरवलेली असेल तर भावाला चांगलाच फटका बसतो. ब्रेक्झिटनंतर तर 31 डिसेंबर 2020 ला बोट नेमकी कोणत्या बंदरात होती याचा पुरावा विचारतात. त्या रात्रीची मरिनाची साधी पावतीसुद्धा लोकांनी लॅमिनेट करून ठेवलीय म्हटलं तरी आश्चर्य वाटायला नको.

आणि सगळ्यात मोलाचा कागद सरकारी नसतोच. ती असते देखभालीची वही. कोणत्या तारखेला, इंजिन किती तास चाललेलं असताना तेल बदललं, तारा कुणी बसवल्या, बिल किती. 'व्यवस्थित ठेवलेली बोट' असं प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. दहा वर्षांच्या पावत्यांची जाडजूड फाइल फार थोड्या मालकांकडे निघते. आपल्या उदाहरणातल्या जोडप्याच्या 60 हजारांचं काही मोल करायचं असेल तर ते त्या फाइलमधूनच होईल.

ब्रोकर हवाच का?

अमेरिकेत ब्रोकरचं कमिशन साधारण 10 टक्के. 75 हजारांच्या बोटीवर साडेसात हजार, म्हणजे जड वाटणारच. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात ब्रोकरला परवाना लागतो. स्वतः विकणारेही पुष्कळ आहेत, विशेषतः लहान बोटींच्या बाबतीत. पण मग फोन, फोटो, फुकट फिरायला येणारे हौशी आणि भामटे हे सगळं स्वतः सांभाळायचं. भामट्यांची ठरलेली चाल अशी: बोट न बघताच पूर्ण भाव कबूल करायचा, जास्त रकमेचा चेक पाठवायचा आणि 'वरचे पैसे आमच्या वाहतूकवाल्याला ट्रान्सफर करा' म्हणायचं. चेक बनावट निघेपर्यंत ट्रान्सफर झालेली असते. आपल्याकडे ओएलएक्सवर सोफा विकताना लष्करी जवान असल्याचं सांगून फसवतात, त्यांचेच हे सातासमुद्रापारचे भाऊबंद.

फोटोंबद्दल एवढंच की आधी बोट रिकामी करावी. दहा वर्षांचा संसार भरलेल्या केबिनचे फोटो बघून कुणाला स्वतःचा संसार तिथे दिसत नाही. वासही घालवावा. तळात साचलेलं डिझेलमिश्रित पाणी आणि ओलसर गाद्या यांचा वास फोटोत येत नाही, पण दार उघडताच निम्मी गिऱ्हाइकं मनातल्या मनात परत फिरतात.

सौद्याचा दिवस

काय काय बोटीसोबत जाणार याची यादी आधीच लेखी झालेली बरी. छोटी रबरी होडी, तिचं इंजिन, सुटे भाग, जादा नांगर. भांडणं 75 हजारांवरून होत नाहीत, भिंतीवरच्या पितळी घड्याळावरून होतात. ते घड्याळ आजोबांचं असेल तर पहिल्या पाहुण्याने बघायच्या आधीच काढून ठेवावं.

विक्रीखतावर नोटरीसमोर सही होते, ते नोंदणीसाठी कोस्ट गार्डकडे जातं. बरेच मालक त्यानंतर नव्या माणसासोबत एक दिवस बोटीवर घालवतात. कोणती झडप कुठे आहे, कोणता पंप दोनदा दाबल्यावर चालतो, टाकीचा काटा पाव दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात ती रिकामी असते. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं.

एक काम मात्र घाईने करू नये. जुना विमा सही झाली म्हणून लगेच बंद करायचा नसतो. पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेने सांगेपर्यंत, आणि दोर सोडून बोट मरिनाच्या बाहेर पडेपर्यंत, तो चालू ठेवायचा.